जुन्या टाक्यापाशी

सरांच्या खोलीतला एसी कायम बंद असायचा. रियाधमध्ये, ऐन जूनमध्ये, हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर पश्चिमेची खिडकी सताड उघडी टाकून हा माणूस फाइली वाचत बसलेला असे, आणि आत येणाऱ्याला मोठ्या प्रेमाने बसायला सांगे. आत येणारा बसत नसे. मेडिकल डायरेक्टर तर दारातूनच बोलून जात. औषधकंपनीचा माणूस एकदा येऊन गेला की पुन्हा त्या मजल्यावर दिसत नसे. नवीन आलेल्या नर्सना वाटायचं एसी बिघडलाय, म्हणून त्या मेन्टेनन्सला फोन करत. तिकडचा मल्याळी फोरमन खोलीचा नंबर ऐकला की हसून फोन ठेवून द्यायचा.

मी एकदा विचारलं तेव्हा सर म्हणाले, "बाय, घाम आला की माणूस कामापुरतंच बोलतो."

ते खरं कारण नव्हतं. खरं कारण मला फार उशिरा कळलं.

मी त्या हॉस्पिटलात रेडिओलॉजीत होते. नवऱ्याची रियाधमधल्या एका बँकेत नोकरी, मुलगी पहिलीत, आणि घरी बसून कंटाळलेली मी. पहिल्याच आठवड्यात सोनोग्राफीच्या खोलीचं दार लोटून एक उंच, किडकिडीत गृहस्थ आत आले. पांढरी आखूड दाढी, घरी स्वतः कडक इस्त्री केलेला शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या आणि पायात बुटांऐवजी चामड्याच्या चपला. त्यांनी माझ्या कोटावरचा बिल्ला वाचला आणि विचारलं, "काय गो, जेवलीस काय?"

दिवसभर अरबी, इंग्रजी आणि मोडकीतोडकी हिंदी ऐकून माझे कान थकले होते. मी नुसती मान हलवली, कारण तोंड उघडलं असतं तर रडू आलं असतं. सर रत्नागिरी जिल्ह्यातले, खाडीकाठच्या एका गावातले कोकणी मुसलमान. शिक्षण मुंबईत झालेलं. यकृत आणि पित्तनलिका यांच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा हात धरणारं आमच्याकडे कुणी नव्हतं. हफ्र अल बातिन, अबकैक अशा दूरदूरच्या गावांहून लोक आमच्याकडे पाठवले जात ते त्यांच्यासाठी.

पण कीर्तीपेक्षा त्यांच्या सवयीच जास्त चर्चेत असत. मी लिहिलेला रिपोर्ट ते आधी कधी वाचत नसत. कागदावर हात पालथा ठेवत आणि म्हणत, "हे मागाहून. आधी तू तोंडानं सांग. काय दिसलं तेवढं सांग. काय असेल ते नको." सुरुवातीला मला हा अपमान वाटे. मग लक्षात आलं, ते माझी परीक्षा घेत नव्हते. घाईने नाव ठेवलं की पुढचे सगळे त्या नावाच्या मागे धावतात, याची त्यांना भीती होती.

दुसरी सवय जुन्या व्रणांची. पेशंटच्या पोटावर आधीच्या ऑपरेशनचा व्रण असला की सर तपासणी बाजूला ठेवून त्या व्रणाची चौकशी करत. कुठे झालं, कुणी केलं, तेव्हा घरी कोण कोण होतं, बकऱ्या कुणी सांभाळल्या. अरबी त्यांना फर्डं येत नव्हतं, पण गप्पांपुरतं येत होतं. बाहेर रांग लागलेली असे आणि आत वाळवंटातला एखादा म्हातारा बदू आपल्या तरुणपणची हकीकत सांगत असे. मी कुरकुर केली तर म्हणत, "ज्यानं आधी पोट उघडलं त्यानं आत काय ठेवलंय ते कळायला नको?"

धर्माचे पक्के, पण कुणी उगाच "इन्शाल्ला" म्हटलं तर चिडत. रक्ताचा रिपोर्ट कधी येणार म्हटल्यावर लॅबचा मुलगा "इन्शाल्ला बुकरा" म्हणाला, उद्या म्हणून, तर सर म्हणाले, अल्लाची मर्जी मला ठाऊक आहे, तू तुझी सांग.

ते एकटे राहत, अल मलाझमधल्या एका जुन्या इमारतीत. आणि त्या देशात एकट्या माणसाची एक निराळीच अडचण असे. बागेत, हॉटेलात, मॉलमध्ये 'फॅमिली'चा भाग वेगळा, एकट्या पुरुषांचा वेगळा. सरांना बागेतल्या गवतावर बसायला आवडे आणि शुक्रवारी संध्याकाळी बाग फक्त कुटुंबांना खुली असे. मग ते आम्हाला फोन करत. "आज माका फॅमिली हवी," असं म्हणत. आमच्या गाडीत मागे मुलीशेजारी बसून येत. दारात पहारेकरी बघू लागला की तिची पाण्याची बाटली गळ्यात अडकवून आजोबासारखे आत शिरत. मुलगी त्यांच्याशी इंग्रजीत बोले, ते तिच्याशी मराठीत, आणि दोघांचं अगदी छान चाले.

गवतावर बसल्यावर ते गावाबद्दल बोलत. भरतीच्या वेळी पाणी परसातल्या माडांपर्यंत कसं येतं, ओहोटीला चिखलातल्या तिसऱ्या-शिंपल्या कशा वेचतात. आणि बायकोबद्दल, म्हणजे आमच्या चाचीबद्दल. त्या कधी रियाधला राहायला आल्या नव्हत्या. आधी सरांची आई अंथरुणाला खिळलेली होती, मग मुलींच्या शाळा, मग मुलींची लग्नं, मग घर आणि आंब्याची कलमं कुणाच्या भरवशावर टाकायची हा प्रश्न. सर वर्षातून एकदा सुट्टीवर जात. दरवर्षी परत आल्यावर म्हणत, झालं, पुढच्या वर्षी कायमचा जाणार. हॉस्पिटलात याची थट्टा होई. त्यांच्या हाताखाली तयार झालेला सुदानी सर्जन, अबोल आणि सभ्य माणूस, तोसुद्धा कधीतरी गंभीर चेहऱ्याने विचारी, "सर, पुढचं वर्ष कुठल्या साली येतं?" सर त्याच्या पाठीत धपाटा घालत.

एकदा चाची उमऱ्यासाठी आल्या. व्हिजिट व्हिसा मिळाला होता, मक्का-मदिना करून त्या काही दिवस रियाधला राहणार होत्या. तिथून परतल्यावर पहिल्याच शुक्रवारी मी दोघांना जेवायला बोलावलं. चाची ठेंगण्या, गोऱ्या, बोलायला खणखणीत. माझ्या सोलकढीत आगळ बाटलीतलं आहे हे त्यांनी पहिल्या घोटात ओळखलं. पण जेवताना त्या सारख्या हात खाजवत होत्या. जेवण झाल्यावर त्या बाल्कनीत उन्हात उभ्या राहिल्या तेव्हा मी त्यांचे डोळे पाहिले. पिवळे होते.

मी सरांकडे वळले. ते माझ्याकडेच बघत होते. चाची मुलीबरोबर आत गेल्यावर हळू आवाजात म्हणाले, "एअरपोर्टवरच दिसलं माका. म्हटलं, तिचा उमरा होऊ दे. इतक्या वर्सांची इच्छा."

शनिवारी सकाळी मी चाचींची सोनोग्राफी केली. सर माझ्या मागे उभे होते. पित्ताशय नव्हतं, तसं मी म्हटलं.

"मीच काढलंय," सर म्हणाले.

उजव्या बरगडीखाली लांबलचक जुना व्रण होता. सौदीला यायच्या आधी सर तालुक्याच्या एका धर्मादाय दवाखान्यात काम करत. खड्यांनी चाची तळमळत होत्या, पावसामुळे रस्ता बंद पडलेला, दुसरा सर्जन नव्हता. त्यांनी स्वतःच ऑपरेशन केलं. चाची टेबलावर पडल्या पडल्या हसून मला सांगत होत्या, "सासूबाई म्हनाल्या व्हत्या, बायकोचं पोट फाडनारा कसला गो ह्यो नवरा." त्या दिवशी सरांनी त्या व्रणाची चौकशी केली नाही.

यकृताच्या आतल्या पित्तनलिका फुगलेल्या होत्या. बाहेर, त्या एकत्र येऊन खाली उतरतात तिथे, नलिका एकदम आवळल्यासारखी बंद होती आणि तिच्या अंगाला एक लहान, घट्ट गाठ होती. सरांनी नेहमीसारखं विचारलं, काय दिसलं? मी सांगितलं. मशीनचा पंखा घरघरत होता. 

पुढच्या दिवसांत एमआरआय झाला, दुर्बिणीतून नलिकेत एक बारीक नळी बसवून साठलेलं पित्त मोकळं केलं आणि गाठीजवळच्या पेशी खरवडून तपासल्या. पेशींनी कॅन्सर आहे असंही सांगितलं नाही आणि नाही असंही नाही. मग मीटिंग झाली. सगळ्यांचं मत एकच पडलं. अशा ठिकाणची अशी गाठ बहुतेक वेळा कॅन्सरच निघते, तेव्हा कॅन्सर धरून चालावं, नलिकेबरोबर यकृताचा अर्धा भागही काढावा. ऑपरेशन मोठं. चाचींचं वय, त्यात मधुमेह. त्यातून त्या उठतील याची खात्री कुणी देत नव्हतं, आणि गाठ तशीच ठेवायची हेही कुणी सुचवत नव्हतं. कुणाचं चुकत होतं असंही नाही. मीही तेच म्हटलं असतं.

सर शेवटी बोलले. पडद्यावरच्या चित्रावर बोट ठेवून म्हणाले, गाठ कुठे आहे बघा. पित्ताशय काढताना मी त्याची नलिका जिथे बांधली, तिथेच आहे. आणि मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी आमच्यापैकी बहुतेकांनी विद्यार्थी असताना एखाद्या ओळीत वाचून सोडून दिली होती. नलिकेच्या अंगाने बारीक नसा जातात. पित्ताशयाबरोबर त्या कापल्या जातात. कापलेली नस मरत नाही, आपलं तुटलेलं दुसरं टोक शोधत वाढत राहते. ते सापडलं नाही तर तिथेच गुंडाळी होऊन बसते. अशी गुंडाळी फार क्वचित, वर्षानुवर्षांनी, इतकी मोठी होते की नलिका दाबते. तो कॅन्सर नसतो. तेवढाच भाग काढला की संपतं.

कुणीतरी हळुवारपणे म्हणालं, डॉक्टर, पण हे अतिशय दुर्मिळ आहे.

"दुर्मिळ आहे, खोटं नाही," सर म्हणाले. मग खाली बसले. "माझ्या बोलण्यावर जाऊ नका. मी नवरा आहे. आधी गाठ काढा, पेशंट टेबलावर असतानाच तपासा. तुकडा काय सांगेल ते करा. यकृत कापायचं तर तेव्हा कापा."

सुदानी सर्जनने ते मान्य केलं. ऑपरेशन तोच करणार होता. सरांनी स्वतः करावं असं कुणी सुचवलं नाही आणि सरांनीही तो विषय काढला नाही.

मीटिंगनंतर ते माझ्या खोलीत आले आणि चाचींची चित्रं पुन्हा लावायला सांगितली. किती तरी वेळ बघत राहिले. मग त्यांनी मला जे विचारलं ते आयुष्यात पहिल्यांदाच विचारलं.

"बाय, खरं सांग. हे डॉक्टर बोलतोय की नवरा बोलतोय?"

मी म्हटलं, "सर, चित्रावरून मला नाही सांगता येत. खरंच नाही येत."

त्यांनी मान डोलावली. मला वाटतं, त्या उत्तराने त्यांना थोडं बरं वाटलं. त्यांना धीर नको होता.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांनी चाचींना सगळं समजावलं. चाचींना बरोबर कुणी बाई हवी होती म्हणून मी पलंगापाशी होते. सरांनी चादरीवर बोटाने नलिका काढून दाखवली, कॅन्सर असू शकतो हे आडपडदा न ठेवता सांगितलं, आणि मग नसेची ती गोष्टही सांगितली. चाची शांतपणे ऐकत होत्या. सर थांबल्यावर त्या चादरीवरच्या त्या न दिसणाऱ्या रेघेकडे बघत म्हणाल्या, "म्हंजे इतकी वरसां शोधीत व्हती म्हना ती."

 सर उठून खिडकीशी गेले आणि बाहेर पार्किंगकडे बघत राहिले. नंतर संमतीपत्र आलं. तिथे बाईच्या ऑपरेशनला नवऱ्याची सही घेत. आयुष्यभर दुसऱ्यांच्या सह्या घेणाऱ्या या माणसाने पेन हातात धरलं, आणि सही कुठे करायची ते नर्सला त्यांना बोटाने दाखवावं लागलं.

ऑपरेशनच्या सकाळी ते थिएटरच्या आसपासही गेले नाहीत. माझ्या खोलीत कोपऱ्यातल्या स्टुलावर येऊन बसले. माझ्याकडे एकामागून एक पेशंट असल्याने मी पडदा ओढून काम करत राहिले. पडद्यापलीकडून त्यांच्या तसबीच्या मण्यांचा आवाज येत होता. मशीनसाठी माझ्या खोलीत एसी फार थंड ठेवावा लागे. सर नेमके त्याच्या झोतात बसले होते आणि त्यांना त्याचा पत्ताच नव्हता. मी माझी शाल त्यांच्या खांद्यावर टाकली तेव्हाही त्यांनी वर पाहिलं नाही.

मध्ये एकदा मण्यांचा आवाज थांबला. ते स्वतःशीच बोलावं तसं बोलू लागले. लग्नानंतर आपण दोघे एका घरात सलग किती राहिलो याचा हिशेब लावायचा प्रयत्न केला, म्हणाले, आणि मग सोडून दिला. सुट्टीवर गेलं की भेटायला माणसं येतात, पेशंट येतात, कोर्टाची कामं, घराची कौलं. ती चुलीपाशी, आपण ओटीवर. "पुढल्या वर्षी बोलू, असं करत गेलो."

सुदानी सर्जन स्वतः खाली आला. डोक्यावर टोपी तशीच, मास्क गळ्यात. मी पडदा सारला. त्याने सरांसमोर उकिडवं बसून त्यांचा गुडघा धरला आणि इंग्रजीत म्हणाला, "नसा आहेत, सर. नुसत्या नसा आणि जुना व्रण. कॅन्सर नाही."

सरांनी विचारलं, "कडा?"

"कापल्या जागच्या कडाही साफ. यकृताला हात लावला नाही. नलिकेचा तेवढाच भाग काढला, आता आतड्याचा वळसा वर आणून जोडायचाय. मला परत जायला हवं."

तो गेला. सर तसेच बसून होते. मग दोन्ही हात समोर धरून त्यांनी उलटसुलट करून पाहिले, आपलेच आहेत का याची खात्री करावी तसे. "माझ्याच हातची गाठ," ते म्हणाले. मी घाईने म्हटलं, सर, तुमचं ऑपरेशन उत्तम झालं होतं, अशी गुंडाळी कुणाच्याही हातून होऊ शकते, तुम्हीच सांगितलंत. "ठाऊक हाय," ते म्हणाले. "तरी पण." आणि मग ते रडले. एवढा मोठा माणूस माझ्या शालीत तोंड खुपसून रडला. बाहेरच्या पेशंटला मी थोडं थांबायला सांगितलं.

चाची बऱ्या झाल्या. व्हिसा वाढवून घेतला आणि त्या पूर्ण सावरेपर्यंत अल मलाझच्या त्या घरात राहिल्या. मी भेटायला गेले तर घर गार. सर स्वेटर घालून स्वयंपाकघरात पेज ढवळत होते. वर्षानुवर्षं एसीवर शिवून बसवलेलं कापडी झाकण चाचींनी उसवून टाकलं होतं. "ह्यांना कदी इचारलंस काय, का लावत नाय म्हनून?" त्यांनी मला विचारलं. मी घामाची गोष्ट सांगितली. चाची हसल्या. "नाय गो. म्हनतात, गारव्याची सवय लागली तर गावात परत कसा ऱ्हाईन." स्वयंपाकघरातून सर ओरडले की पेज करपतेय, इकडे या. ती करपत नव्हती.

त्या वर्षी हॉस्पिटलने करार वाढवून देऊ केला तेव्हा सरांनी नको म्हटलं. इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, परत केला, फायनल एक्झिटचा शिक्का घेतला आणि चाचींबरोबर गेले. निरोपसमारंभ त्यांनी होऊ दिला नाही. त्यांच्या खोलीत दुसरे सर्जन आले. खिडकी बंद झाली, एसी सुरू झाला, आणि लोक त्या खोलीत निवांत बसून बोलू लागले. मीही जाई कामासाठी. नवे डॉक्टर भले होते, माझा रिपोर्ट नीट वाचत. पण तोंडाने सांग असं कुणी म्हटलं नाही. कधी कधी पेशंटच्या पोटावर जुना व्रण दिसला की मीच विचारत असे, कुठे झालं, तेव्हा घरी कोण होतं. माझं अरबी सरांच्याहून वाईट. तरी लोक सांगत.

एका सुट्टीत आम्ही सरांच्या गावी गेलो. फोन करून ठेवला होता, पण घाटात गाडी अडकली आणि पोचेपर्यंत दुपार टळून गेली होती. चाचींनी दारातच ओठांवर बोट ठेवलं. सर सकाळपासून वाट बघत होते. स्वतः जाऊन मासळी आणली, दोनदा रस्त्यापर्यंत येऊन गेले, आणि नमाज पढून आल्यावर ओटीवरच्या बाजल्यावर आडवे झाले ते झोपले. उघड्या अंगाने, तोंड किंचित उघडं, एक हात खाली लोंबत असलेला.

"उठवू काय?" चाचींनी विचारलं. मी नको म्हटलं. आम्ही पायरीवर बसलो. मुलगी खाडीकडे पळाली. चाची आतून पाण्याचा तांब्या घेऊन आल्या, तो माझ्याजवळ ठेवला आणि खांबाला टेकून उभ्या राहिल्या.

मागाहून सर उठले, ओरडले, मला का नाही उठवलं म्हणून सगळ्यांवर रागावले, आम्ही पोटभर जेवलो, संध्याकाळपर्यंत बोलत बसलो. काय बोललो ते आता आठवत नाही. सरांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. माझ्याजवळ राहिली आहे ती त्याआधीची घटकाभर शांतता. वाऱ्याने माडाची झावळी हलत होती आणि चाची नवऱ्याकडे बघत होत्या.

"सुट्टीवर येत तवा दुपारचे कदी निजले नाय," त्या हळूच म्हणाल्या. "दिस थोडे असत ना. आता निजतात."